बाईंची मधली पट्टी

बाई चहाच्या कपावर बशी पालथी घालायच्या. आम्ही दोघी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहायचो. उघड्या कपात बघता बघता पीठ तरंगायला लागायचं.

कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी कोपरे बघायच्या, मग माणसं.

नवऱ्याला हयातभर अरे म्हणाल्या. स्कॅनरला मात्र अहो म्हणायच्या. "अहो, फिरा आता. आम्ही होतो बाजूला."

रस्त्यात कुणाचं भांडण चाललेलं दिसलं की थांबून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि निघताना कुणाचं चुकलं ते सांगून जायच्या. त्यांना कुणी विचारलेलं नसायचं.

काम संपलं तरी 'झालं' म्हणायच्या नाहीत. 'सध्या पुरे' म्हणायच्या.

आणि कुठल्याच फोटोत नसायच्या. पुतणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळं घर आहे, बाई नाहीत. एका फोटोत खांबाआडून एक कोपर दिसतं. ते वहिनींचंच, असं त्यांचे दीर पैजेवर सांगतात.

ही शेवटची सवय धंद्यातून आलेली. तिपाईवर ठेवलेला स्कॅनर स्वतःभोवती सावकाश फिरतो आणि चहूकडचं सगळं टिपून घेतो: दगड, झाड, भिंतीतली भेग. तो फिरत असताना त्याच्या नजरेतून बाजूला व्हायचं, हा पहिला नियम. भिंतीमागे जा, झाडामागे जा, काही नसेल तर पलीकडच्या उताराला आडवे पडा. बाईंना दिसेनासं होण्याचा इतका सराव होता की चहाच्या टपरीवरसुद्धा त्या खांबाआड उभ्या राहायच्या.

बाई गेल्या. गिरणीच्या जिन्यावर, सकाळी, हातात भाजीची पिशवी. हे वाक्य मी पुष्कळदा लिहून पाहिलं. ते लांबत नाही.

म्हणून जिथून ते लांबतं तिथून लिहिते.

बाईंनी मोजणी खात्यात नोकरी केली. दोन भावांच्या मधला बांध कुठून जातो हे सांगायचं काम, म्हणजे रोज एका भावाच्या शिव्या खायचं काम. नवरा वारल्यावर त्यांनी ती सोडली आणि स्कॅनरचा कोर्स केला. वर्गातली पोरं त्यांना आजी म्हणत. बाई म्हणायच्या, "आजी तर आजी. आजीला नातवंडांचे कान धरायचा हक्क असतो." गावात त्यांना गोळेबाई म्हणत, कारण त्या पिशवीतून पांढरे गोळे घेऊन हिंडायच्या. ते गोळे काठ्यांवर रोवायचे. यंत्र एका जागी फिरवलं, मग दुसऱ्या जागी; दोन्हीकडून तेच गोळे दिसले की दोन्ही तुकडे एकमेकांना बरोब्बर जुळतात. गोळा हलला की टेकडी तुटली. गोळ्याला पोरंटोरं हात लावायला आली तर त्या अशा बघायच्या की पोरं स्वतःचेच हात मागे बांधायची.

काम एका टेकडीचं होतं. तिच्यावर ना मूर्ती, ना शिलालेख. खडकात खोल गेलेली गाड्यांची चाकोरी होती, एक दगडी कुंड होतं, आणि उतारावर पायऱ्यांसारख्या शेतपट्ट्या, प्रत्येक पट्टीला चुन्याशिवाय रचलेला दगडी बांध. कुणी बांधले ते कुणालाच ठाऊक नाही. जाणकारांचे आकडे एकमेकांपासून हजार वर्षं लांब. वरच्या पट्ट्या पडीक, खालच्या अजून पिकत होत्या. सगळ्यांच्या मधोमध एक पट्टी होती आणि तिच्या बांधात मोरी. वरचं पाणी त्या मोरीतून शिस्तीत खाली उतरायचं. बांध माती धरून ठेवायचे, मोरी पाणी सोडायची, आणि पायथ्याचं गाव त्यावर जगायचं.

टेकडी खडीच्या खाणीला द्यायची ठरली होती. नियम एवढाच की आधी तिची पूर्ण नोंद व्हावी. चष्मा लावला की माणूस टेकडीवर उभा राहील, चालेल, वाकून दगड बघेल, अशी नोंद. नोंदीचं काम देणारे साहेब त्याला आभासी वास्तव म्हणत. गाव त्या चष्म्याला डबा म्हणे. नोंद पूर्ण झाली असं मोजणी करणाऱ्यानं सांगितल्याशिवाय टेकडीला कुणी हात लावायचा नाही.

मोजणी करणाऱ्या म्हणजे बाई. आणि डब्यात माणूस चालू लागला की त्याच्या कानात पडणारी वाक्यं लिहिणारी मी.

मी साहित्याची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. पहिल्या दिवशी मी बाईंना एक परिच्छेद वाचून दाखवला. त्यात काळाचा ओघ होता, मातीचा हुंकार होता. बाई बशी बाजूला करून चहा प्यायल्या.

"पोरी, यात बांध किती उंच आहे?"

"तसं नाही लिहिलेलं, बाई."

"मग माणूस हुंकारावर अडखळून पडायचा."

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, बांध कमरेएवढा आहे. बाई म्हणाल्या, "हं. आता तुला टेकडीवर न्यायला हरकत नाही."

त्यांनी मला यंत्र चालवायलाही शिकवलं. तिपाई कशी टेकवायची, गोळे कुठे रोवायचे. पुढच्या जागेचा गोळा आधीच रोवून ठेवायची त्यांची पद्धत. "जेवताना संध्याकाळचा विचार डोक्यात असतो ना, तसं."

साहेब वाईट नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण बाईंनी तसं बजावलं होतं. त्यांचं कार्यालय शहरात, दुसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि कुलपाच्या कपाटात डबा. निम्मं काम झाल्यावर त्यांनी ते दाखवायला लोकांना बोलावलं. खाणीचे शेठ आले. बाईंचे दीरही आले, कारण पायथ्याशी उभी असलेली खोदाईची यंत्रं त्यांची होती. हे मला त्या दिवशी कळलं. बाईंनाही त्याच दिवशी कळलं.

शेठनी डबा लावला. हात पुढे करून खोलीभर फिरले, कपाटाला धडकले, कपाटाची माफी मागितली. सगळे हसले. डबा काढला तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"हुबेहूब," ते म्हणाले. "साहेब, आता मूळ राहिलं काय नि गेलं काय."

"उलट यात ते जास्त सुरक्षित," साहेब म्हणाले. "ऊन नाही, पाऊस नाही. कायमचं जतन."

बाई खिडकीजवळ, पडद्याच्या आड उभ्या होत्या. तिथूनच बोलल्या.

"आईचा फोटो भिंतीवर लावला म्हणून आईला घराबाहेर काढतात का?"

पंखा कुरकुरत राहिला.

"बाई, तुम्ही भावनेवर जाताय," साहेब हळूच म्हणाले.

"मी मापावर जातेय. त्या बांधांनी खालच्या गावाची माती धरलीय. तुमच्या डब्यातला बांध माती धरेल का? धरणार असेल तर आत्ता इथंच 'झालं' म्हणते."

"वहिनी," दीर म्हणाले, "घरचं भांडण घरी."

"भाऊजी, घरचं असतं तर घरीच केलं असतं."

बसमध्ये बसल्यावर बाई म्हणाल्या, "मी इतके दिवस काय करत होते गं? माणूस जिवंत असताना त्याच्या तेराव्याची तयारी."

मला वाटलं, काम सोडतील. त्या म्हणाल्या, "सोडलं तर दुसरा येईल नि उरकून टाकेल. मी करणार. असं करणार की तोड नसेल."

आणि केलंही. चाकोरी केली, कुंड केलं, वरच्या पट्ट्या केल्या, खालच्या केल्या. एकही गोळा हलला नाही. फक्त मधली पट्टी राहिली, मोरीसकट. डब्यात चालत गेलं की वर टेकडी, खाली टेकडी आणि मध्ये काळोख. साहेब फोन करायचे. बाई म्हणायच्या, "काम चालू आहे."

ते खोटं नव्हतं. त्या रोज मधल्या पट्टीवर तिपाई लावायच्या. पट्टीच्या कडेला एक बाई राहायची, कोंबड्या पाळायची. यंत्र फिरायला लागलं की ही खुराड्याचं दार उघडायची. फिरत्या यंत्रापुढे काही हललं की ते पडद्यावर ओढल्यासारखं येतं. संध्याकाळी आम्ही बघायचो तर बांधावर सापाएवढ्या लांब कोंबड्या. एकीला तर दोन डोकी, आणि दोन्ही रागावलेली.

"स्कॅन बाद," बाई समाधानानं म्हणायच्या.

"माझ्या कोंबड्या काय ऐकतात माझं?" कोंबडीवाली म्हणायची. "नवऱ्यानं तरी कुठं ऐकलं?"

"दोन डोकी आलीत तुझ्या तांबडीला."

"मग अंडी दुप्पट देऊ दे मेलीला."

मी एकदा विचारलं, "बाई, असं किती दिवस?"

"बांध किती दिवस उभा आहे?"

"कुणालाच माहीत नाही."

"मग मला कशाला विचारतेस?"

एका दुपारी दीर गिरणीवरच्या खोलीत आले. खुर्चीवरचं पीठ झटकून बसले. बाईंनी चहा दिला, वर बशी पालथी घातली.

"वहिनी, माझी मशीनं उन्हात उभी आहेत. लोक हसतात. म्हणतात, घरच्याच बाईनं अडवलंय."

"बरोबर म्हणतात."

"दादा असता तर त्यानं ऐकलं असतं माझं."

"तुमचा दादा कुणाचंच ऐकायचा नाही. माझं ऐकल्यासारखं करायचा, एवढाच फरक."

दीरांना हसू आलं. ते त्यांनी चहात लपवलं. जाताना जिन्यावरून म्हणाले, "कोंबड्यांचं साहेबांना कळलंय. उद्या येतायत. खुराड्याला कुलूप घालणार आहेत."

बाई म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत."

"मी काही सांगितलं नाही," दीर म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी वारा पडलेला होता. गवताचं पातंही हलत नव्हतं. साहेब आले, शेठ आले, दीर आले. खुराड्याला कुलूप लागलं. आतून कोंबड्यांनी जो काही निषेध करायचा तो केला. कोंबडीवाली कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. साहेबांनी सगळ्यांना आंब्याच्या मोठ्या झाडामागे घेतलं.

"बाई, आज काही अडचण नाही," साहेब म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी तिपाई लावली, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणला, मलमलच्या तुकड्यानं भिंग पुसलं. गोळे रोवले. पुढच्या जागेचा गोळा मोरीच्या मागे, वरच्या अंगाला, आधीच रोवून ठेवला. नेहमीसारखं. मी झाडामागून बघत होते. मला वाटलं, हरल्या. मला त्यांचा रागसुद्धा आला.

बाईंनी कळ दाबली. "अहो, फिरा आता," म्हणाल्या.

पण 'आम्ही होतो बाजूला' म्हणाल्या नाहीत. त्या यंत्रासमोरून सरळ बांधाकडे चालत गेल्या, त्याच्या पायाशी असलेल्या दगडावर, मोरीच्या बरोब्बर पुढ्यात बसल्या, हात गुडघ्यांवर ठेवले आणि यंत्राकडे बघू लागल्या.

"बाई, तुम्ही मध्ये आहात," साहेब झाडामागून म्हणाले.

बाई बोलल्या नाहीत. बोललं की माणूस हलतो.

"उठा बाई. पहिला नियम तुम्हीच शिकवता सगळ्यांना."

यंत्र फिरत होतं.

"अहो, उचलून बाजूला करा कुणीतरी," शेठ म्हणाले. आणि सगळे दीरांकडे बघू लागले, कारण घरच्या बाईला हात लावायचा तर घरच्यानंच.

दीर झाडामागून निघाले. दोन पावलं गेले आणि थांबले. "वहिनी, उठा," म्हणाले. बाई हलल्या नाहीत. दीर परत झाडामागे आले. "माझ्या लग्नात वाजंत्री थांबवून यांनी हुंडा परत करायला लावला होता," ते शेठना म्हणाले. "तेव्हाही उठल्या नव्हत्या. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

यंत्र थांबलं. तेव्हा बाई बोलल्या.

"साहेब, मी मापात खोटं बोलत नाही. ही टेकडी अशीच आहे. हिच्यावर माणूस आहे. मला काढून टाका म्हणालात तर माझ्या जागी भोक राहील, आणि मोरी माझ्या मागे आहे."

"पुन्हा फिरवू."

"फिरवा."

साहेबांना यंत्र चालवता येत नव्हतं. ते माझ्याकडे वळले. सगळेच वळले.

मला येत होतं. पुढचा गोळा रोवलेला होता, तिपाई उचलून मागे न्यायची आणि कळ दाबायची, एवढंच. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या यंत्राकडेच बघत होत्या, फोटोला बसल्यासारख्या.

"मला वाक्यं लिहायला ठेवलंय, साहेब," मी म्हणाले.

कोंबडीवालीनं खुराड्याचं कुलूप दगडानं तोडलं.

त्यानंतर बाई रोज सकाळी वर जायच्या आणि बांधावर बसायच्या. कधी कोंबडीवाली शेजारी असायची, कधी खालच्या पट्टीतली माणसं. शहरातून निरोप यायचे, दुसरा मोजणीवाला आणू म्हणून. बाई म्हणायच्या, "आणा. त्याच्यासाठीही दगड आहे बसायला." एकदा मी म्हटलं, तुम्हाला भीती वाटत नाही का. त्या म्हणाल्या, "वाटते की. पण भीती वाटली म्हणून बसता येत नाही असं कुठं आहे? बसायला गुडघे लागतात, ते आहेत."

मग ती भाजीची पिशवी आणि जिना.

मी वर लिहिलं तेवढंच माहीत आहे. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला आणि मला हाक मारली. पट्टा बंद झाल्याचा आवाज मी आधी ऐकला. हाक नंतर.

त्यांना पोचवून आल्यावर काही दिवसांनी मी कार्यालयात गेले. साहेबांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि डबा माझ्या हातात दिला.

मी टेकडीवर उभी राहिले. चाकोरीवरून चालत मधल्या पट्टीवर आले. बाई बसल्या होत्या.

कोंबड्यांसारख्या ओढलेल्या नव्हत्या. हलल्याच नव्हत्या त्या. अंगातल्या नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या बाहीचं तुटलेलं बटण दिसत होतं. नखांतली माती दिसत होती. उजवी भुवई किंचित वर, रस्त्यातलं भांडण ऐकताना असायची तशी. जन्मभर कुठल्याच फोटोत न आलेली बाई, आणि मला तिच्याभोवती फिरता येत होतं. माझ्या कानात माझंच वाक्य पडलं: बांध कमरेएवढा आहे.

दीरही आले होते. त्यांनी डबा मागून घेतला. ते खोलीत पाऊल पाऊल टाकत गेले, थांबले, एकदा हात पुढे करून मागे घेतला. मग वळसा घालून बाईंच्या मागे गेले, आणि जागच्या जागी उभे राहिले.

"साहेब, वहिनींची पाठ नाहीये यात."

"मागून स्कॅन राहिलंय," साहेब म्हणाले. "समोरून दिसलं तेवढंच आलं. मागे काळोख आहे, त्यांच्या पाठीचाही आणि मोरीचाही."

"मग आता?"

"ते केलं की नोंद पूर्ण."

दीरांनी डबा काढला आणि रुमालानं पुसला; आतून ओला झाला होता. "मग नका करू," ते म्हणाले.

त्यांची यंत्रं अजून पायथ्याशी उभी आहेत. एकाच्या बकेटमध्ये तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलीय. शेठच्या माणसानं तिला हुसकलं तर दीर त्याच्या अंगावर धावून गेले. डोकं एकच आहे तिला, पण रागावलेलं.

साहेब मला आठवड्यातून एकदा विचारतात. आवाज चढवत नाहीत. म्हणतात, अर्ध्या सकाळचं काम आहे, तुला येतं हे मला ठाऊक आहे. मी त्यांना सांगते, काम चालू आहे. दुसरा मोजणीवाला एकदा येऊन गेला. त्यानं तिपाई लावली आणि वर बघितलं तर बांधावर सगळं गाव बसलेलं, हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी न हलता. कोंबडीवाली म्हणाली, "फिरवा की. आम्ही चांगले येतो फोटोत."

यंत्र माझ्या खाटेखाली आहे. तिपाई दाराआड. गोळ्यांच्या पिशवीला मी गाठ मारली तेव्हा एक कमी निघाला.

तो वर आहे. मोरीच्या मागे, वरच्या अंगाला, काठीवर रोवलेला. मागच्या बाजूच्या स्कॅनसाठी बाईंनीच तो लावला होता, आणि ते स्कॅन तेवढं राहिलं.